वारज्याहून एका दिवसाच्या वाटेवर: पुणे परिसरातील बौद्ध लेणी कशी पाहावीत?

सुट्टीचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या वस्त्यांतूनही सहलींचे बेत आखले जातात. कोणी जैसलमेरचा किल्ला आणि वाळूच्या टेकड्या पाहून येतो, कोणी दक्षिणेकडील समुद्रकिनारे. त्यात गैर काही नाही. परंतु वारज्यासारख्या पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या उपासक-उपासिकांना बेडसे किंवा तुळजा लेणी पाहिली आहेत काय असे विचारले, तर बहुधा नकारार्थी उत्तर मिळते. कार्ले अनेकांनी पाहिलेले असते. पण तेथील खांबांवर काय लिहिले आहे, हे ठाऊक नसते. म्हणून वारज्याहून सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशा काही स्थळांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. स्थळांची यादी देणे एवढाच आमचा हेतू नाही; ती कशी पाहावीत, हा खरा प्रश्न आहे.

लेणी वाटेवरच का?

मुठा नदीच्या काठी वसलेल्या वारज्यातून कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग जातो. तो धरून उत्तरेस गेले की देहूरोड येते आणि तेथून जुन्या मुंबई रस्त्याने बोरघाटाकडे जाता येते. ही दिशा फार जुनी आहे. कल्याण व सोपारा ही प्राचीन बंदरे आणि पैठण, तेर ही घाटावरील नगरे यांच्यामधील व्यापार सह्याद्रीच्या घाटांतून चाले. भिक्खूंना वर्षावासासाठी निवारा व भिक्षेसाठी जवळपास वस्ती हवी होती. व्यापारी तांड्यांना मुक्काम व पाणी हवे होते. या दोन्ही गरजा घाटमाथ्यावर एकत्र आल्या. लेणी निर्जन अरण्यात लपविलेली नव्हती. ती रहदारीच्या वाटेवर, परंतु वाटेपासून थोडी उंचावर कोरलेली होती.

हाच नियम दूरदेशीही दिसतो. चीनमध्ये गोबी वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नावाचे नगर आहे. रेशीममार्गावरील तांडे वाळवंटात शिरण्यापूर्वी तेथे थांबत. नगराजवळच्या मोगाओ येथील कड्यात इ. स. 366 पासून लेणी कोरली जाऊ लागली, आणि पुढे सुमारे हजार वर्षे हे काम चालू राहिले. दान देणाऱ्या कुटुंबांची चित्रेही तेथील भिंतींवर रंगविलेली आहेत. आज जगभरातून प्रवासी ती पाहावयास जातात. मोगाओच्या दात्यांनी आपली चित्रे मागे ठेवली. त्यांच्याही काही शतके आधी आपल्या सह्याद्रीतील दात्यांनी आपली नावे कोरून ठेवली होती.

देहूरोड आणि घोरावडेश्वर

पहिला मुक्काम देहूरोडचा. 25 डिसेंबर 1954 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील विहारात स्वहस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. ही मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी जवळजवळ दोन वर्षे घडलेली ही घटना आहे. त्यामुळे हे स्थळ आपल्या नव्या इतिहासाचे प्रवेशद्वार आहे.

तेथून थोड्याच अंतरावर घोरावडेश्वराची टेकडी आहे. अभ्यासक तेथील लेण्यांना शेलारवाडीची लेणी म्हणतात. मुख्य लेण्यात आज शिवलिंग आहे, आणि भाविक दर्शनासाठी येतात. परंतु येथील एका लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबप्रमुखाच्या पत्नीने, सिअगुतनिकेने, नंद या पुत्रासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. एका शेतकऱ्याच्या पत्नीचे नाव सुमारे अठराशे वर्षे दगडात टिकून राहिले, ही गोष्ट आपल्या मुलींना त्या जागी उभे करून सांगण्यासारखी आहे.

कार्ले, भाजे, बेडसे

मळवली रेल्वे स्थानकाच्या एका अंगास कार्ले आणि दुसऱ्या अंगास भाजे असल्याने ही दोन्ही लेणी एका दिवसात पाहता येतात. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 38 मीटर लांब व 14 मीटर उंच आहे. छताच्या मूळ लाकडी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही शाबूत आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले, असे तेथील लेख सांगतो. पण श्रेष्ठी एकटा नव्हता. दर्शनी भागाच्या कामात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे व सिंहदत्त नावाच्या गंध्याचे नाव येते. खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत, तर एका वेदिकेचे दान आषाढमित्रा या भिक्खुणीचे आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील संघाच्या निर्वाहासाठी गाव दिल्याचा लेखही येथेच आहे. राजाचा जावई, सुतार, परदेशी माणूस आणि भिक्खुणी यांची नावे एकाच वास्तूत नांदतात. जातिबद्ध समाजात हे चित्र सहज दिसत नाही.

भाजे येथील चैत्यगृह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचे खांब आत किंचित कललेले आहेत. लाकडी बांधकामात भार पेलण्यासाठी खांब कलते ठेवीत, आणि कारागिरांनी तीच पद्धत दगडात उतरविली. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे. काही स्तूपांवर थेरांची नावे कोरलेली असून ही त्यांची स्मारके आहेत. त्यांच्यावर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांना हे ठाऊक नसावे.

बेडसे कामशेतहून पवना खोऱ्याकडे जाताना लागते. तेथे गर्दी कमी असते. चैत्यगृहापुढील उंच खांबांवर प्राण्यांवर आरूढ झालेली स्त्री-पुरुषांची युगुले कोरलेली आहेत. शेजारचा विहार मागील बाजूस अर्धगोल आहे, आणि विहाराची अशी रचना क्वचितच आढळते. गोभूति या अरण्यवासी, भिक्षेवर राहणाऱ्या थेरांचा स्तूप त्यांच्या शिष्याने येथे उभारला.

जुन्नर

जुन्नरसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा. नाणेघाटाच्या वाटेवरील या नगराभोवती दोनशेहून अधिक शैलगृहे आहेत. तुळजा लेण्यांत बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्यांचा व्यवहार पाहणाऱ्याचा, पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. त्यालगतच्या मोठ्या विहारात आता अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. जुन्नरच्याच लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी म्हणजे पाण्याचे टाके दिल्याचा उल्लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेव म्हणून दिल्याचेही तेथे नमूद आहे. आजच्या भाषेत ही एक प्रकारची पतपेढीच होय.

पाहण्याची दृष्टी

येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. प्रत्येक लेणे बौद्ध असते असे नाही. पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर हे राष्ट्रकूट काळातील शैव लेणे आहे. पुरावा नसता ते आपले म्हणणे आणि पुरावा असता बौद्ध लेण्यांना पांडवांची लेणी म्हणणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. कार्ल्यास एकवीरेच्या किंवा लेण्याद्रीस गणपतीच्या दर्शनासाठी येणाऱ्यांशी वाद घालण्याचेही कारण नाही. शिलालेख कोणाशी भांडत नाहीत. ते वाचणारे मात्र हवेत. ब्राह्मी लिपीची अक्षरे थोड्या आठवड्यांच्या अभ्यासाने ओळखता येतात, आणि विहारांतील रविवारच्या वर्गांत ती सहज शिकविता येतील.

शेवटी एक खेदाची गोष्ट. या लेण्यांच्या भिंतींवर अलीकडच्या लोकांनीही आपली नावे खरवडून ठेवलेली दिसतात. 1958 च्या कायद्याने संरक्षित स्मारकाचे असे विद्रूपीकरण हा गुन्हा आहे. सिअगुतनिकेने व सामी सुताराने आपली नावे कोरविली, ती दिलेल्या दानासोबत. काहीही न देता तेथे नाव कोरणे म्हणजे त्यांच्या दानातून काही काढून घेणे होय. आम्ही सुचवितो की पुढील सहलीत प्रत्येक मुलाने एक वही न्यावी, एका दात्याचे नाव ब्राह्मीत उतरवून घ्यावे, आणि घरी परतल्यावर आजी-आजोबांना ते वाचून दाखवावे.