केशरोपण : रोप आणि जमीन

केशरोपणाच्या जाहिरातीत केसांची संख्या मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ज्या कातडीतून ते केस काढायचे आणि ज्या कातडीत लावायचे, तिच्याविषयी मात्र चकार शब्द नसतो. वास्तविक या शस्त्रक्रियेचे यशापयश पुष्कळसे त्या कातडीवरच ठरते.

प्रथम तत्त्व पाहू. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ साली केशरोपणाचे प्रयोग प्रसिद्ध केले; पण युद्धाच्या धामधुमीत ते पाश्चात्त्यांच्या नजरेआड राहिले. पुढे न्यूयॉर्कचे ओरेंट्राइक यांनी १९५९ साली दाखवून दिले की, डोक्याच्या मागील बाजूचे केस टकलावर लावले, तरी ते आपला मूळचा चिवटपणा सोडत नाहीत. थोडक्यात, रोप आपला वाण टिकवते.

पण वाण चांगला म्हणून जमिनीचा प्रश्न सुटतो काय? कोरियातील ह्वांग यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डोक्यावरचे केस पायावर लावले होते. तेथे त्यांची वाढ मंदावली. म्हणजे जमिनीचाही शब्द ऐकावा लागतो.

डोक्याची कातडी जाड असते. तिच्याखाली मेदाचा व तंतूंचा दाट थर, मग एक चिवट पांढरा पडदा, आणि त्याखाली एक सैल थर असतो. या सैल थरामुळे कातडी कवटीवर थोडीफार सरकते. बोटांनी दाबून ती किती सरकते हे पाहणे, ही शस्त्रवैद्याची पहिली परीक्षा. मागील बाजूची कातडीची पट्टी कापून केस घ्यायचे असतील, तर जखमेच्या दोन्ही कडा जवळ आणून शिवाव्या लागतात. कातडी ताठ असेल तर टाक्यांवर ताण पडतो आणि व्रण रुंदावतो. उलट फार सैल कातडीतही, जेथे तंतूच दुबळे असतात, तेथे व्रण पसरू शकतो. एकेक केशपुंज सुटा काढण्याच्या पद्धतीत हा ताण नसतो. परंतु केसांची मुळे कातडीखाली वळलेली असतील, तर ती तुटण्याचा धोका असतो. शिवाय काढलेला केस त्या जागी पुन्हा उगवत नाही. ही शिल्लक मर्यादित असते. ती एकदा उधळली की भरून येत नाही.

ज्या जागी केस लावायचे तेथे प्रश्न रक्ताचा. लावलेला केस पहिले काही दिवस भोवतालच्या पाझरावर जगतो. मग नव्या रक्तवाहिन्या त्याला येऊन मिळतात. डोक्याला रक्ताचा पुरवठा विपुल असतो, म्हणून येथील जखमा सहसा लवकर भरतात. पण भाजल्याच्या व्रणात हा पुरवठा तोकडा पडतो. तेथे केस विरळच लावावे लागतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचित होतात. फार दाट छिद्रे पाडली तरीही कातडीची उपासमार होते. केसांची मुळे नष्ट करणारा दाह चालू असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

भरून येण्यालाही क्रम आहे. खपल्या साधारण आठ-दहा दिवसांत पडतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात. बिचारा रुग्ण घाबरतो. वास्तविक मुळे जिवंत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस दिसू लागतात, आणि खरा निकाल वर्षाच्या सुमारास हाती येतो.

ही केवळ हौसेची बाब नव्हे. मुंबईत २०१९ साली अशा शस्त्रक्रियेनंतर एका गृहस्थाचा मृत्यू झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली, हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, असे बजावले. तेव्हा 'केस किती लावणार?' हा प्रश्न दुसरा. 'माझी कातडी तपासली का, आणि पुढच्या टकलासाठी मागे किती केस शिल्लक ठेवणार?' हा पहिला. शेतकरी रोपाची जुडी हाती घेण्याआधी खाचर पाहतो. डोक्याच्या बाबतीत तेवढा विवेक आपण का सोडावा?