जिताड्यासाठी गळ किती खोल सोडावा?

खाडीकाठच्या माणसाला गळ नवा नाही. बांबूची काठी, दोरी, शिशाचा गोळा, बुचाचा तुकडा आणि टोकाला जिवंत कोळंबी, एवढ्या सामानावर ठाणे आणि पनवेलच्या खाडीला जिताडा धरता येतो. नवी मुंबई उभी राहिली तरी दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथला खाडीचा नाद सुटलेला नाही. पण जेट्टीवर शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला मासा मिळतो आणि दुसऱ्याची कोळंबी मरून जाते, तेव्हा लोक नशिबाला बोल लावतात. पुष्कळदा दोष नशिबाचा नसतो. बूच आणि गळ यांमधली दोरी कमीजास्त झालेली असते.

माशाची सवय ओळखा

जिताडा हा शिंगाळ्यासारखा चिखलात चरणारा मासा नव्हे. तो दबा धरून बसतो. जेट्टीचे खांब, दगडांची रास, तिवरांची मुळे, खारबांधाच्या उघाडीचे तोंड ही त्याची ठिकाणे. तोंड मोठे आणि खालचा जबडा पुढे आलेला. कोळंबी किंवा बोईट समोरून अथवा थोडे वरून गेले की तो झडप घालतो. म्हणून आमिष त्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवे. ते चिखलात लोळले तर चिंबोऱ्या खातात आणि फार वर राहिले तर जिताडा जागचा हलत नाही. विलायतेत गोड्या पाण्यातल्या पाईक नावाच्या शिकारी माशासाठीही बूच लावून गळ टाकतात. तिथेही आमिष माशाच्या खाली जाऊ देत नाहीत.

आधी तळ मोजा

अंदाजाने दोरी सोडू नका. गळाला बुचाला न पेलणारा जड शिशाचा गोळा अडकवून पाण्यात सोडा. बूच पाण्याखाली गेले तर दोरी कमी आहे. बूच आडवे पडून राहिले तर दोरी जास्त आहे. बूच उभे राहून फक्त टोक दिसू लागले की तळ मिळाला. मग जड गोळा काढून नेहमीचा लावा आणि दोरी एक-दोन वीत कमी करा. दिवसा, उन्हाच्या वेळी, सुरुवात इथून करावी.

काठीपेक्षा पाणी खोल असेल तर बूच दोरीला घट्ट बांधू नका. ते सरकते ठेवा आणि हव्या त्या खोलीवर दोरीला सुताची गाठ मारा. गाठ बारीक असली की काठीच्या कडीतून निघून जाते. बुचाच्या वर एक मणी ओवला म्हणजे बूच गाठीपाशी अडते.

भरतीबरोबर गाठ सरकवा

तळ्यातल्या आणि खाडीतल्या गळाचा खरा फरक इथे आहे. तळ्यात एकदा मोजले की दिवसभर चालते. खाडीत पाणी सतत चढते-उतरते. उधाणाला सहा तासांत पाणी बारा फूट चढते असे धरा. पहिल्या तासाला सुमारे एक फूट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या व चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक, अशी ती चढण असते. तिसऱ्या तासाच्या आरंभी तळापासून वीतभर वर ठेवलेली कोळंबी तासाभराने साडेतीन फुटांहून अधिक वर गेलेली असते. जिताडा खालीच राहतो. म्हणून मधल्या दोन तासांत दर वीस मिनिटांनी गाठ फूटभर वर घ्या. ओहोटीला उलट करा. अष्टमीच्या सुमारास, भांगाला, पाणी उधाणाच्या निम्म्याहूनही कमी चढते, तेव्हा एवढी घाई नसते.

भरतीची वेळ जुन्या रीतीने काढता येते. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते, दिवसाही आणि रात्रीही. जागेप्रमाणे थोडे मागेपुढे होईल.

ओढ जोराची असली की दोरी तिरपी होते आणि आमिष वर उचलले जाते. तेव्हा शिसे वाढवा किंवा दोरी थोडी अधिक सोडा.

वेळ आणि हंगाम

संध्याकाळी व रात्री जिताडा बोइटांच्या मागे उथळ पाण्यात येतो. तेव्हा आमिष पाण्याच्या मध्यावर किंवा त्याहूनही वर ठेवून पाहा. पावसाळ्यात गोडे पाणी हलके म्हणून वर राहते आणि खारे खाली. शेतातले पाणी उघाडीतून खाडीला जाताना बारीक मासळी त्याबरोबर वाहते. अशा वेळी दोन-तीन हातांवरही मासा लागतो. पौष-माघाच्या थंडीत तो मंदावतो, तेव्हा आमिष खाली ठेवा आणि धीर धरा.

दोन गोष्टी जपा

पहिली गोष्ट जिवाची. जे पाणी बूच वर उचलते तेच तुमच्या मागची वाटही बुडवते. चिखलावर किंवा दगडावर बसला असाल तर तिसऱ्या तासाच्या आधी काठावर या. उघाडीच्या तोंडाशी उभे राहू नका आणि मुलांना एकटे धाडू नका. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे गळ टाकण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करा.

दुसरी गोष्ट माशाची. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा मासा बहुधा मादीच. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जातो आणि पिल्ले खाडीत येतात. अलिबाग-पेणकडचे शेतकरी जी तळी जिताड्यासाठी राखतात, त्यांना या पिल्लांचा मोठा आधार आहे. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त पाण्यात त्याची पैदास साधली, तरी खाडीची पैदास खाडीतूनच व्हायची. दोन वितींहून लहान मासा लागला तर ओल्या हाताने गळ काढून त्याला परत सोडा.

पुढच्या सुट्टीला जाल तेव्हा आधी तिथी पाहा, तळ मोजा, मगच कोळंबी लावा. बूच हलले नाही तर जागा बदलण्याआधी दोरी बदलून पाहा.