शाळा मुलांकडे गेली तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

गरिबाची पोरे मोठी चिवट असतात, असे आपण कौतुकाने म्हणतो. ते खोटे नाही. परंतु या कौतुकात एक धोका आहे. मूल चिवट आहे म्हटले की त्याने लांबचे अंतर तुडवावे, उपाशीपोटी पाढे म्हणावे आणि तरीही पुढे यावे, अशी अपेक्षा आपण धरतो. जे टिकते त्याचा सत्कार होतो. जे गळते त्याला 'अभ्यासाची आवड नाही' असा शेरा मिळतो. शाळेने स्वतः काय केले, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी विचारला. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले.

गरीब पाड्यांतली मुले बालवाडीत येत नव्हती. 'यांना शिकायचेच नाही' असे म्हणणे सोपे होते. या दोघींनी कारणे शोधली आणि प्रत्येक कारणावर शाळेलाच उपाय करायला लावला. मूल येत नाही, तर शिक्षिका वस्तीत गेली आणि अंगणात वर्ग भरला, हीच अंगणवाडी. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून घरी राहते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, हीच विकासवाडी. मुलगा गुरे राखतो, तर शिक्षक कुरणावर गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने शिकवण्यासाठी वापरली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझी मोठी बहीण माझ्याहून हुशार. आई मजुरीला जाई तेव्हा मला तीच कडेवर घेऊन फिरे. चौथीनंतर तिची शाळा सुटली. तिच्या शाळेजवळ एक पाळणाघर असते, तर या वार्षिकात कदाचित माझ्या आधी तिचा लेख छापून आला असता. ताई चिवट नव्हती, असे कोण म्हणेल?

आम्ही काही विद्यार्थी संध्याकाळी जवळच्या वस्तीत मुलांना शिकवतो. तेथील एक मुलगी आईबरोबर भाजी विकते. पावकिलोचा भाव ती मनातल्या मनात काढते, पन्नासच्या नोटेचे सुटे बिनचूक परत देते. पण पाटीवर वजाबाकी मांडली की गप्प होते. आता आम्ही आरंभ टोपलीपासून करतो. आधी तोंडी व्यवहार, मग तोच व्यवहार तिच्याच हाताने पाटीवर. तिला गणित येतच होते. आम्हाला तिला फक्त ते लिहायला शिकवायचे आहे. कोसबाडच्या शिंपल्या-खड्यांचा अर्थ मला येथे कळला. मुलाजवळ जे आहे, तेथूनच धडा सुरू व्हावा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही कायद्याने मिळाला. या गोष्टी मोठ्याच आहेत. परंतु कायदा मुलाचे नाव हजेरीपटावर आणतो. ते नाव तेथे टिकवणे शिक्षकाच्या हाती असते.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करून आपण पान उलटू नये. संध्याकाळी त्याच्या घरी जावे आणि धाकटे भावंड कोण सांभाळते, एवढे तरी विचारावे.