एका बेटावरची मुलींची शाळा

मुलगी दहावी झाली की पेढे वाटून होतात आणि मग घरात प्रश्न निघतो, "पुढचं कॉलेज कुठे?" गावातच असलं तर काही बोलणं होत नाही. रोज एस.टी.ने जायचं म्हटलं की आजी कुरकुरते. वसतिगृहात ठेवायची म्हटली की बाबा हिशेबाची वही काढतात. मैत्रिणींनो, आपल्या मुलींचं शिक्षण बुद्धीपायी फारसं अडत नाही, ते अडतं पुढची पायरी लांब असल्यामुळे. म्हणून आज एका दूरदेशीच्या शाळेची हकिगत सांगते. तिथे या पायऱ्या एकेक करून बांधल्या गेल्या आणि शाळेचं विद्यापीठ झालं.

कॅरिबियन समुद्र म्हटला की आपल्या घरच्या पुरुषमंडळींना वेस्ट इंडीजचं क्रिकेट आठवतं. पण पोर्तो रिको या बेटावर बेसबॉलचं वेड आहे, आणि भाषा आहे स्पॅनिश. गोव्याच्या सुमारे अडीचपट एवढं हे बेट. १८९८ पर्यंत तिथे स्पेनचं राज्य होतं, त्यानंतर ते अमेरिकेकडे गेलं. सान हुआन ही त्याची राजधानी. तिथेच 'उनिवेर्सिदाद देल साग्रादो कोरासोन' म्हणजे 'पवित्र हृदय विद्यापीठ' आहे. कॅथलिक पंथाचं, खाजगी. मुलं त्याला नुसतं 'साग्रादो' म्हणतात.

भावाने शिकवलेली बहीण

याचं मूळ शोधायला फ्रान्समध्ये जावं लागतं. तिथे १७७९ साली लाकडी पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी मादलेन सोफी बारा ही मुलगी जन्मली. मोठा भाऊ पाद्री होण्यासाठी शिकत होता. त्याने बहिणीला घरीच लॅटिन, ग्रीक, गणित शिकवलं, आणि तेही चांगलं कडक शिस्तीत! त्या काळी मुलींना असं शिक्षण सहसा मिळत नसे. पण ज्यांच्या घरी असा भाऊ नाही त्यांनी काय करायचं? १८०० साली सोफीने 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट' हा सिस्टर्सचा संघ स्थापन केला आणि मुलींचं शिक्षण हेच त्याचं मुख्य काम ठरलं. ऐपतदारांच्या मुलींसाठी निवासी शाळा काढायची आणि तिच्या जोडीला गरीब मुलींसाठी मोफत शाळा चालवायची, अशी त्यांची रीत होती.

हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. मुंबईत ब्रीच कँडीला मुलींचं सोफिया कॉलेज आहे ना, तेही याच सिस्टर्सनी १९४० साली सुरू केलं. म्हणजे साग्रादो आणि सोफिया या नात्याने बहिणी-बहिणीच.

शाळेपासून कॉलेजपर्यंत

पोर्तो रिकोत या सिस्टर्सनी १८८० साली जुन्या सान हुआनमध्ये मुलींची शाळा काढली. बेटावरची गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुढे जागा अपुरी पडू लागली. तेव्हा संस्थेने १९०६ मध्ये सान्तुर्से भागातली एका स्पॅनिश सरदाराची ऐसपैस वाडी घेतली आणि वर्षभरात शाळा तिथे हलली. विद्यापीठ आजही त्याच जागेवर आहे.

शालेय शिक्षण झालं, पण पुढे काय? रिओ पिएद्रासचं सरकारी विद्यापीठ १९०३ पासून होतं आणि तिथे मुलीही शिकत. पण मुलामुलींच्या एकत्र कॉलेजात मुलीला पाठवायचं म्हटलं की काही घरांतून नकार येतो, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. १९३५ साली साग्रादोने शाळेला मुलींचं कॉलेज जोडलं.

हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोर्तो रिकोतल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२९ च्या कायद्याने, पण फक्त लिहितावाचता येणाऱ्यांना. त्यांनी पहिलं मत दिलं १९३२ च्या निवडणुकीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी आणखी थांबायचं! सर्व सज्ञान स्त्रियांना मत मिळालं ते १९३५ मध्येच. म्हणजे त्या बेटावर काही वर्षं सही आणि अंगठा यांत मतपत्रिकेएवढं अंतर होतं. शिकलं नाही तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.

दिवसही सुखाचे नव्हते. १९२८ आणि १९३२ अशा दोन मोठ्या चक्रीवादळांनी बेट झोडपून काढलं होतं. जगभर मंदी होती. कितीतरी बायका घरी बसून अगदी तुटपुंज्या मजुरीवर रुमाल आणि कपडे शिवत, भरतकाम करत होत्या. अशा काळात मुलींच्या कॉलेजसारख्या गोष्टीला 'आत्ता नको, पुढे बघू' असं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण कॉलेज तेव्हाच निघालं.

कोणत्या भाषेत शिकायचं?

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे पुढची गोष्ट मला फार जवळची वाटली. अमेरिकेचा अंमल आल्यावर बेटावरच्या सरकारी शाळांत इंग्रजी घुसवण्याचे प्रयत्न झाले. कधी सगळे विषय इंग्रजीत, कधी वरच्या वर्गांतच इंग्रजी, अशी धोरणं बदलत राहिली. घरी स्पॅनिश बोलणारी पोरं वर्गात गप्प बसायची. इंग्रजी माध्यमात घातलेलं आपलं शेजारचं पोर आठवतंय का? तसंच! अखेर १९४९ मध्ये स्पॅनिश हेच शाळांचं माध्यम झालं आणि इंग्रजी एक विषय म्हणून राहिली. साग्रादोतही शिकवणं मुख्यतः स्पॅनिशमध्येच चालतं. आपली भाषा ठेवूनही विद्यापीठ चालवता येतं, हे आपल्याला पटायला हरकत नाही.

दार उघडलं

१९७० च्या दशकात तीन बदल झाले. कारभार सिस्टर्सच्या हातून विश्वस्त मंडळाकडे गेला, मुलांनाही प्रवेश मिळू लागला आणि कॉलेजचं रीतसर विद्यापीठ झालं. आज तिथे नर्सिंग, व्यवसाय, शिक्षणशास्त्र असे विषय शिकवतात. वृत्तपत्रं, जाहिरात, टेलिव्हिजन यांच्या शिक्षणासाठी तर ते विशेष प्रसिद्ध आहे.

खाजगी म्हणजे फी आलीच. पण पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यामुळे तिथल्या गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकन सरकारचं 'पेल' अनुदान मिळू शकतं. हे कर्ज नव्हे. एरवी ते परत करावं लागत नाही. खाजगी कॉलेजचा दरवाजा साध्या घरातल्या मुलीलाही उघडतो तो अशा मदतीमुळे.

आता तुम्ही विचाराल, मुलींचं कॉलेज मुलांना खुलं झालं हे बरं की वाईट? सोफिया आजही मुलींचंच आहे. साग्रादोने दुसरी वाट धरली. मला दोन्ही पटतात. ज्या घरातून मुलगी एरवी बाहेरच पडणार नाही, तिच्यासाठी मुलींचं कॉलेज म्हणजे उंबरठ्याबाहेरचं पहिलं पाऊल. ती वेळ सरली की एकत्र वर्गात बसून मुलाशी बरोबरीने वाद घालता आला पाहिजे. प्रश्न एवढाच की दार उघडल्यावर मुली मागच्या बाकावर जाऊन बसू नयेत.

आमच्या शाळेत एक आई मला म्हणाली, "हुशार आहे हो पोरगी, पण पुढे सोय कुठे आहे?" अशी सोय आपोआप होत नाही. सान हुआनच्या शाळेचं कॉलेज व्हायला पंचावन्न वर्षं लागली आणि विद्यापीठ व्हायला आणखी चाळीसेक. आपल्या हातात विद्यापीठ नाही, पण पालकसभा आहे, महिला मंडळ आहे, नगरपालिकेत अर्ज द्यायला लेखणी आहे. सकाळच्या कॉलेजच्या वेळेला सोयीची एस.टी., बारावीपर्यंतचे वर्ग, तालुक्याला मुलींचं वसतिगृह, यातलं एक काहीतरी यंदा मागून बघा. चार जणींनी मिळून मागितलं तर ऐकावंच लागतं.