नांव निराळें, उच्चार निराळा

नागपुरांतील सदर हा इंग्रजी शाळांचा जुना भाग. येथील बिशप कॉटन व सेंट फ्रान्सिस डी सेल्स या शाळा एकोणिसाव्या शतकापासूनच्या. अशा शाळेंत मूल जाऊं लागलें कीं मराठी घरांत सायंकाळीं ‘सी-ए-टी, कॅट’ अशी घोकंपट्टी सुरू होते, आणि मूल अडखळतें. आपल्या ‘क’चें जें नांव, तोच त्याचा उच्चार, ‘सी’ हें मात्र केवळ नांव. मग तीन नांवें जोडून ‘कॅट’ कसें झालें? मुलाची ही शंका मंदपणाची नव्हे, तर्काची आहे.

इंग्रजींत अक्षरें २६, ध्वनि सुमारें ४४. म्हणून एकाच अक्षरास अनेक कामें करावीं लागतात. ई, आय, वाय यांपूर्वीं सी बहुधा ‘स’ होतो, एरव्हीं बहुधा ‘क’. मराठी मुलास हें अगदींच नवें नाहीं. ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणून पाहा: चिन्ह एक, उच्चार दोन!

तेव्हां रागावण्यापूर्वीं पालकांनीं हा दाखला द्यावा; ध्वनि आधीं ऐकवावा, नांव मागाहून सांगावें. मुलाचा कान तयार झाला, कीं वाचन आपोआप सुकर होतें.