हृदयाची तार

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, असें आपण शरीरशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत शिकतों. मुठीएवढा हा स्नायु अहोरात्रांत सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतो. हें आश्चर्य थोडें म्हणून कीं काय, तो आपली तक्रारही तारेनें कळवितो! वाचकांस ही अतिशयोक्ति वाटेल. शास्त्रज्ञांसही फार काळ तिची कल्पना नव्हती.

१९५६ सालीं ब्रूनो किश यांस गिनीपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं, बारीक कण दिसले. असे कण एरवीं ग्रंथींत आढळतात. ते पंपांत कशास असावेत? पंचवीस वर्षांनीं, १९८१ सालीं, कॅनडांतील किंग्स्टन येथें आदोल्फो द बोल्द यांनीं अगदीं साधा प्रयोग केला. उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून त्यांनीं तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेंत टोचला. थोड्याच वेळांत त्यांचें मूत्र सुमारें दसपट व त्यांतून जाणारें मीठ सुमारें तीसपट वाढलें. रक्ताचा दाबही उतरला. खालच्या कप्प्यांच्या अर्कानें असें कांहीं झालें नाहीं. पुढें १९८८ सालीं जपानी संशोधकांस असाच दुसरा पदार्थ डुकराच्या मेंदूंत सांपडला. त्याला नांव मेंदूचें मिळालें, पण त्याचें खरें वतन हृदयाच्या खालच्या कप्प्यांत निघालें!

ही तार लिहिली जाते कशी? रक्त तुंबून कप्प्याची भिंत ताणली गेली, कीं स्नायुपेशींतील एक जनुक जागृत होतें व १०८ ॲमिनो आम्लांची सांखळी तयार होते. तिचे दोन तुकडे पडतात. ३२ दुव्यांचा तुकडा हा खरा निरोप्या. तो मूत्रपिंडांस मीठ व पाणी सोडावयास सांगतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो. उरलेला ७६ दुव्यांचा तुकडा निरुद्योगी खरा, परंतु रक्तांत अधिक वेळ टिकतो, म्हणून तपासणीस सोयीचा.

मग दुर्बळ हृदयाच्या रोग्याचे पाय कां सुजतात? कारण मूत्रपिंडांस दुसरीकडून उलट हुकूम मिळत असतो. हृदय थकलें कीं त्यांच्याकडे रक्त कमी येतें. जणूं कोठें रक्तस्राव झाला, अशा समजुतीनें तीं मीठ व पाणी राखूं लागतात. जखमी माणसाचे प्राण वाचविणारी ही युक्ति येथें घात करते. राखलेलें पाणी फुप्फुसांत तुंबतें. आजोबांना रात्रीं आडवें होतां येत नाहीं, उशीवर उशी रचावी लागते.

धाप हृदयाची कीं फुप्फुसांची, हें ठरविण्यास आतां रक्तांतील या तुकड्यांचें प्रमाण मोजतात. तें अगदीं अल्प असेल तर हृदयावरचा संशय बहुधा फिटतो. मात्र आंकडा हा कांहीं न्यायाधीश नव्हे. वृद्धांत व मूत्रपिंडाच्या रोग्यांत तो एरवींही चढलेला असतो, स्थूल माणसांत खालीं राहतो.

निरोप्या अपुरा पडतो तर तो बाहेरून टोचावा, हा विचार स्वाभाविक होता. पण सात हजारांहून अधिक रोग्यांवरील, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत त्यानें मृत्यु कमी झाले नाहींत. मग दुसरी वाट धरली. निरोप्यास तोडणारें नेप्रिलायसिन नांवाचें विकर रोखावयाचें आणि उलट हुकुमाचीही वाट अडवावयाची, असें जोड-औषध ८,४४२ रोग्यांच्या परीक्षेंत जुन्या एनालाप्रिलशीं ताडून पाहिलें. निकाल २०१४ सालीं आला. सुमारें सवादोन वर्षांत जुन्या औषधावरील २६.५ टक्के रोग्यांस हृदयरोगानें मृत्यु आला किंवा हृदय थकल्यानें रुग्णालय गांठावें लागलें. नव्या औषधावर हेंच प्रमाण २१.८ टक्के होतें. म्हणजे शंभरांमागें सुमारें पांच माणसें, आपल्या पन्नासांच्या वर्गाएवढ्या मेळाव्यांत दोन किंवा तीन.