ताटातुटीचा शहारा

‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे गाणं प्रेमिकांच्या ताटातुटीचं म्हणून ऐकलं जातं. मुळात तो सहकाऱ्याचा निरोप आहे. पोर्टर वॅगनर यांच्या टीव्ही कार्यक्रमाने गायिका डॉली पार्टन यांना नाव मिळवून दिलं; तो सोडून स्वतःच्या वाटेने जायचं ठरल्यावर १९७३ मध्ये त्यांनी हे गाणं वॅगनर यांच्यासाठी लिहिलं. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायलं आणि अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २०१२ मध्ये त्यांच्या अंत्यविधीतही तेच वाजलं. निरोप कोणाचा आणि कोणाला, याची ऐकणाऱ्याच्या शरीराला फिकीर नसते.

ह्यूस्टन यांची सुरुवात ऐका. सुमारे पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, नुसता गळा. मग वाद्यं भरत जातात आणि शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळं थांबतं. ड्रमचा एकच ठोका, आणि गाणं पांढरी सहावरून पांढरी सातवर चढतं. काटा यायचा तो इथेच. केसांच्या मुळाशी असलेले इवले स्नायू आकसतात, थंडीत आकसतात तसेच.

या थंडीवरूनच मेंदूतील भावनांचे अभ्यासक याक पँकसेप यांनी १९९५ मध्ये एक तर्क मांडला. आईपासून तुटलेलं पिल्लू उंच, लांबवलेल्या स्वरात हाक मारतं. त्या हाकेने आईच्या अंगावर गार शहारा येत असावा आणि ती ऊब द्यायला धावत असावी. एकटा, वर चढणारा गळा हीच जुनी यंत्रणा जागी करतो. हे सिद्ध झालेलं नाही, पण या गाण्यापुरतं मला ते पटतं. आनंदी गाण्यांपेक्षा दुःखी गाण्यांनी शहारे अधिक येतात, हे पँकसेप यांना श्रोत्यांमध्ये दिसलंही होतं.

मग हे दुःख माणूस पुन्हा पुन्हा का मागतो? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी, आवडत्या संगीताने हमखास शहारणाऱ्या ८ जणांचे मेंदू स्कॅन केले. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शहाऱ्याच्या क्षणी डोपामिन हे सुखाच्या अनुभवाशी जोडलेलं रसायन स्रवलंच, पण त्याआधी नुसतं वाट पाहतानाही ते मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवत होतं. म्हणून पाठ झालेलं गाणं शिळं होत नाही. पुढचा ठोका ठाऊक असतो, म्हणूनच त्याआधीची शांतता एवढी ताणलेली वाटते.

पार्टन यांच्या मूळ गाण्यात मात्र तो ठोका नाही, ती चढण नाही. एक कडवं तर त्या नुसतं बोलतात. तरी १९७४ आणि १९८२ असं दोनदा ते कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं. त्यांचा बारीक, कापरा आवाज पिलाच्या हाकेच्या अधिक जवळ जातो, असं मला वाटतं.